फॉर्मवर ‘सॅटिन’ एवढंच लिहिलं होतं

एका मासिकाच्या फॅशन पानांसाठी आठ लूक, म्हणजे आठ वेगवेगळे पेहराव, एका दिवसात काढायचे होते. स्टुडिओ सकाळी आठ ते संध्याकाळी सात, मॉडेल एकच, आणि माझ्या हाताखाली एक सहायक. तिचा कामावरचा दुसरा महिना. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, सहाव्या लूकच्या तयारीत, उसन्या आणलेल्या गाऊनला डाव्या कमरेखाली भोक पडलं. कुणी ओढलं नव्हतं, कुठे अडकलं नव्हतं, इस्त्रीनं जळलंही नव्हतं. कापड विरघळलं होतं.

हे सगळं सविस्तर लिहायला बसले, कारण आमच्या धंद्यात, म्हणजे फोटोंसाठी मॉडेलचे कपडे जमवून ते नेसवणाऱ्या स्टायलिस्टच्या धंद्यात, अशा गोष्टी दाबल्या जातात. खराब झालेला भाग आत जाईल अशी घडी घालून कपडा परत पाठवतात आणि तो उसना देणाऱ्या शोरूमला ते आठ दिवसांनी कळतं. तोवर काय झालं, कसं झालं, हे सांगायला कुणी उरत नाही. मग तीच चूक दुसऱ्या स्टुडिओत, दुसऱ्या कपड्यावर होते. आज जी मुलं-मुली सहायक म्हणून राबताहेत त्यांच्या हाती हे पडावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कपडा कुणाचा

स्टायलिस्टच्या कामाचा मोठा भाग उसनवारीचा असतो. त्या दिवशी रॅकवर जे लटकत होतं ते सात ठिकाणांहून आलं होतं. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यात माझे दोन दिवस गेले होते. प्रत्येक ठिकाणी तेच: कपडे निवडायचे, फॉर्म भरायचा, सही करायची, कव्हरात घालायचे, गाडीत आडवे न टाकता लटकवून आणायचे. शूट संपलं की हाच प्रवास उलटा.

डिझायनर बहुधा एका डिझाइनचा एकच नमुना शिवतो, तोही एकाच मापात. रॅम्पवर तोच जातो, खरेदीदारांना तोच दाखवला जातो आणि फोटोंसाठीही तोच फिरतो. त्यामुळे आपल्या हातातला नमुना आज आपल्याकडे असला तरी उद्या सकाळी दुसऱ्या कुणाच्या रॅकवर हवा असतो. या गाऊनचंही तसंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दुसऱ्या एका स्टायलिस्टच्या शूटवर तो पोचायचा होता.

गाऊन शाईसारखा गडद निळा, पाठ उघडी, आणि पूर्ण उरेब कापलेला. उरेब म्हणजे कापड उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकं ठेवून बेतलेलं. असं कापड अंगावरून ओघळतं, चेन-हुक न लावताही अंगासरशी बसतं. मादलेन व्हिओने या फ्रेंच डिझायनरनं १९२० च्या दशकात पोशाखाची सगळी रचनाच उरेब कापणीवर उभी केली. या कापणीला कापड फार लागतं, म्हणून ती नेहमीपेक्षा रुंद पन्ह्याचं कापड मुद्दाम विणून घ्यायची. आमच्या गाऊनचा डावा पुढचा भाग कमरेपासून जमिनीपर्यंत सलग एका तुकड्याचा होता. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

चार दहा

पाचव्या आणि सहाव्या लूकच्या मध्ये नखांचा रंग बदलायचा होता. फिकट गुलाबीवरून गडद लाल. ही कल्पना माझी. वेळापत्रकात त्यासाठी वीस मिनिटं मीच लिहिली होती.

नेलपॉलिश वीस मिनिटांत हाताला कोरडं लागतं, पण आतून ते मऊच असतं. पुरतं कडक व्हायला काही तास जातात. मॉडेलच्या पायात सँडल होत्या त्या एक माप मोठ्या. उसने जोडे एकाच मापाचे मिळतात, त्यात आतून पॅड घालून भागवतो. जोड्यांच्या तळव्यांना खरचटू नये म्हणून खाली मास्किंग टेप लावलेली असते, ती गुळगुळीत जमिनीवर सरकते. मॉडेल बिचारी पडू नये म्हणून दोन्ही हातांनी घेर उचलून चालत आली. कॅमेऱ्यासमोर हात सोडले तेव्हा डाव्या कमरेखाली तीन बोटांवर लाल ओरखडा होता. तांदळाच्या दाण्याएवढा.

मी त्या वेळी दहा पावलांवर छायाचित्रकाराशी मागच्या फ्रेमवरून वाद घालत होते. सहायकानं डाग पाहिला. मेकअपच्या टेबलावर रिमूव्हर होतं. तिनं कान साफ करायच्या कापसाच्या काडीवर दोन थेंब घेतले, कापडाखाली टिश्यू धरला आणि डागावर हलकेच टेकवलं. हात हलका होता आणि कापडाखाली टिश्यू होता, म्हणजे तंत्र अगदी बरोबर. तिच्या स्वतःच्या पॉलिएस्टरच्या टॉपवरचा असाच डाग तिनं असाच काढला होता.

काडी कापडाला चिकटली. तिनं ती उचलली तर कापडाची निळी तार निघाली, गरम गोंदासारखी. तिनं घाबरून टिश्यूनं टिपलं, टिश्यूही चिकटला, आणि तो निघाला तेव्हा कापड सोबत घेऊनच. भोक मी नंतर टेप लावून मोजलं: नऊ मिलिमीटर रुंद, बारा उंच. कडा वाळल्यावर प्लॅस्टिकसारख्या टणक झाल्या आणि भोवती एक निस्तेज वलय उरलं, जिथली चमक कायमची गेली होती.

“ताई, डाग निघाला, पण...” एवढंच ती म्हणाली. काडी मुठीत लपवली होती.

मी ओरडले. सगळ्या स्टुडिओसमोर. हे लिहायलाच हवं, कारण या प्रकरणात त्यालाही जागा आहे.

कापड विरघळतं कसं

गाऊन ॲसिटेटचा होता. ॲसिटेट हा लाकडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजपासून रासायनिक प्रक्रियेनं बनवलेला तंतू. कामी आणि आन्री ड्रेफस या स्विस भावांनी पहिल्या महायुद्धात विमानांच्या पंखांवरच्या कापडाला देण्याचा लेप याच पदार्थापासून बनवला. युद्ध संपल्यावर त्यांनी त्याचा धागा काढला आणि १९२१ साली तो इंग्लंडमध्ये बाजारात आला. धागा काढायची रीत अशी: सेल्युलोज ॲसिटेट ॲसिटोनमध्ये विरघळवायचं, ते दाट पाकासारखं द्रावण बारीक छिद्रांतून गरम हवेत सोडायचं. ॲसिटोन उडून जातं, धागा उरतो.

नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे मुख्यतः ॲसिटोनच. सहायकानं दोन थेंबांनी त्या धाग्याला पुन्हा त्याच्या जन्माच्या अवस्थेत नेऊन सोडलं होतं. प्रयोगशाळेत ॲसिटेट ओळखायची जुनी चाचणी हीच आहे: ॲसिटोनमध्ये टाका, विरघळला तर ॲसिटेट. ‘ॲसिटोन नसलेलं’ म्हणून विकतात त्या रिमूव्हरनंही आम्ही वाचलो नसतो, कारण त्यात बहुधा इथाइल ॲसिटेट असतं आणि तेही या कापडाला नडतं.

तेच दोन थेंब रेशमाच्या किंवा पॉलिएस्टरच्या धाग्यावर पडले असते तर धाग्याला काही झालं नसतं. आणि डोळ्यांना तिन्ही कापडं सारखीच दिसतात. सॅटिन हे तंतूचं नाव नाही, विणीचं आहे. साध्या विणीत उभा धागा एकाआड एक आडव्या धाग्याच्या वरून-खालून जातो. सॅटिनमध्ये तो चार किंवा त्याहून जास्त आडव्या धाग्यांवरून सलग तरंगतो आणि मग एकाखाली जातो. त्या तरंगण्यामुळे चमक येते. धागा रेशमाचा असो, पॉलिएस्टरचा असो की ॲसिटेटचा, वीण तीच असली की नाव सॅटिन.

शोरूमच्या फॉर्मवर ‘कापड’ या रकान्यात ‘सॅटिन’ एवढंच लिहिलं होतं. खाली माझी सही.

दुकानातल्या कपड्याला आत लेबल असतं. तंतू कोणता, आणि धुलाईची चिन्हं. ही चिन्हं रूढ करणारी जिनेटेक्स ही संस्था १९६३ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका म्हणजे मंद इस्त्री, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे कडक. पण नमुना विकायचा नसतो, म्हणून त्याला बहुधा लेबलच नसतं. या गाऊनच्या आत फक्त एक सुतळी आणि लूकचा नंबर होता. म्हणजे तंतू कळायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे विचारणं. आणि मी विचारलं नव्हतं.

पंधरा मिनिटं

चार दहा ते चार पंचवीस या वेळात जे बोलणं झालं ते जवळजवळ शब्दशः आठवतं.

छायाचित्रकाराचं म्हणणं, “आधी फ्रेम काढून घेऊ. उजवी बाजू कॅमेऱ्याकडे ठेवू, मागून क्लिपा लावू. फोन साडेसातला कर. तोवर भोक काही मोठं होत नाही.” तो वाईट माणूस नाही. मासिकाची दोन पानं त्या गाऊनवर अवलंबून होती आणि प्रकाशयोजना तासभर खपून त्या निळ्यासाठीच केली होती. शूट बघणाऱ्या संपादिकेचं मतही तेच पडलं: कळवायचं तर आहेच, तीन तासांनी काय बिघडतं?

बिघडतं ते असं. शोरूम सहाला बंद होतं. साडेसातला फोन केला असता तर उद्या सकाळी सातला रिकाम्या हँगरसमोर उभी राहणारी स्टायलिस्ट दुसरं काही शोधूच शकली नसती. तिच्या शूटचंही असंच वेळापत्रक असणार, असाच स्टुडिओ, असेच पैसे. आमच्या दोन पानांसाठी तिचा दिवस जाळायचा मला हक्क नव्हता. हे मला तेव्हा इतकं स्पष्ट दिसत होतं असं नाही. मला फक्त तो सातचा आकडा दिसत होता, कारण तो फॉर्मवर माझ्या सहीच्या वरच लिहिलेला होता.

चार पंचवीसला फोन केला. “तुमच्या निळ्या गाऊनला आमच्याकडून भोक पडलंय,” मी म्हणाले. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, “केवढं?” मी सांगितलं. “कशानं?” तेही सांगितलं. “टेप लावून फोटो पाठवा. आणि आता त्याला कुणी हात लावू नका. पाणीसुद्धा नको.” त्या ओरडल्या नाहीत. पंधरा मिनिटांपूर्वी मी काय केलं होतं ते मला तेव्हा जाणवलं.

पावणेपाचला उत्तर आलं: शूट करू नका. उरेब कापड अंगावर ताणतं, भोक तिरकं फाकेल, आणि शेजारची वीण गेली तर वरचा भागही बदलावा लागेल. गाऊन उतरवला, टिश्यूत सैल गुंडाळून कव्हरात ठेवला. सहावा लूक राखीव कपड्यांवर काढला. काळी पँट आणि हस्तिदंती शर्ट, घाईत वाफ दिलेला. फोटो ठीक आला. संपादिकेनं तो घेतला नाही आणि मासिकात सातच लूक आले. माझ्या मते तिचा निर्णय बरोबर होता.

त्या दुसऱ्या स्टायलिस्टला शोरूमनं पाचलाच कळवलं. ती मला ओळखते. दोन दिवसांनी तिचा फोन आला. “रात्री नऊपर्यंत शोधत होते मी तुझ्यामुळे. पण मिळालं.” आणखी काही बोलली नाही.

पैसे आणि पगार

भोकाला रफू होत नाही. रफू करायला भोवतीचे धागे मोकळे लागतात, इथे ते वितळून एक झाले होते. ठिगळ लावावं तर सलग तुकड्याच्या ऐन मध्यावर दिसणार. म्हणजे डावा पुढचा भाग नव्यानं कापायचा. त्याला तेच कापड, शक्यतो त्याच रंगाई-लॉटमधलं, म्हणजे त्याच खेपेला रंगवलेलं. आणि उरेब तुकडा कापला की लगेच खालची कड दुमडून चालत नाही. तो निदान एक दिवसभर टांगून ठेवावा लागतो, स्वतःच्या वजनानं खाली उतरू द्यावा लागतो, मगच कड सारखी कापून टाके घालायचे. नाहीतर आठवडाभरात घेर वाकडा लोंबायला लागतो.

मासिकाचा विमा होता. पण नुकसानीचा जो पहिला हिस्सा आपणच सोसायचा असतो, तो दुरुस्तीच्या बिलापेक्षा मोठा निघाला. त्यामुळे विमा असूनही एक पैसा मिळाला नाही. शूटचं व्यवस्थापन बघणाऱ्यानं सुचवलं की सहायकाच्या पगारातून हप्ते कापा, चूक तिची आहे. मी नाही म्हटलं. बिल निम्मं मासिकानं भरलं, निम्मं मी. मासिकाची बाजू मला समजते. त्यांना वेळापत्रक मी दिलं होतं, सही माझी होती.

सहायकाचा पगार का कापायचा नाही, यावर ओळखीच्या स्टायलिस्टांशी माझे वाद झाले आहेत. त्यांचं म्हणणं, खिशाला झळ बसल्याशिवाय शिकत नाहीत. मी त्या दिवसाची साखळी मागून पुढे मांडून बघते. मॉडेलनं घेर उचलला, कारण सँडल मोठ्या होत्या. त्या मी आणल्या. नखं ओली होती, कारण नखांचा बदल मी नेमका या कपड्याच्या आधी ठेवला. सहाव्या आणि आठव्या लूकची अदलाबदल केली असती तरी भागलं असतं, आठव्यात पँट होती. सहायकाला तंतू माहीत नव्हता, कारण मलाच माहीत नव्हता. आणि तिनं विचारलं का नाही? सकाळी साडेआठला मी सगळ्यांना सांगितलं होतं, “आज वेळ कमी आहे, दर गोष्टीला मला विचारत बसू नका.” तिनं ऐकलं. एवढ्या सगळ्या कड्यांत तिची म्हणावी अशी एकच कडी आहे, ती म्हणजे दोन थेंब. आणि ते तिनं जीव ओतून, कापडाखाली टिश्यू धरून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी तिची माफी मागितली. ओरडल्याबद्दल. काडी मुठीत लपवणारं माणूस पुढच्या वेळी भोकही लपवेल, ही भीती मला गाऊनपेक्षा मोठी वाटत होती. गाऊन परत द्यायला मी तिला सोबत नेलं. ते बरोबर केलं की नाही, याबद्दल आजही माझं मन स्वच्छ नाही. मला वाटलं होतं, समोर उभं राहून सांगितलं की ओझं उतरतं. ती मात्र काही महिन्यांनी म्हणाली, “ताई, त्या दिवशी तुम्ही मला न्यायला नको होतं. मी रात्रभर झोपले नव्हते.”

पुढे काय बदललं

आता कपडा उचलताना आम्ही तंतू विचारतो आणि उत्तर हँगरच्या चिठ्ठीवर लिहितो: वरचं कापड, अस्तर, मणी-टिकल्या कशावर बसवल्यात. शोरूमला सांगता आलं नाही तर परवानगी घेऊन शिवणीच्या आतल्या मायेतून, म्हणजे आत सोडलेल्या जादा कापडातून, बोटभर धागा काढून मागतो आणि घरी जाळून बघतो. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि राख बोटांनी चुरडते. पॉलिएस्टर वितळून टणक मणी होतो. ॲसिटेटही वितळतं, पण त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही.

उसन्या कपड्यावर डाग पडला तर आमच्यात आता कुणीही काही लावत नाही. पाणी नाही, साबण नाही, वाइप्स तर नाहीतच. ओलं असेल तर कोरड्या पांढऱ्या कापडानं वरच्यावर टिपायचं, घासायचं नाही. फोटो काढायचा, मला हाक मारायची, मी शोरूमला फोन करणार. डाग काढणं हे वेगळं, शिकलेलं कौशल्य आहे. स्टुडिओच्या टेबलावर चार बाटल्या आहेत म्हणून ते आपल्याला येतं असं नाही. नखांचा बदल असेल तर तो जेवणाच्या सुट्टीआधी. लांब घेर असेल तर मॉडेलनं हात बाजूला ठेवायचे, घेर आम्ही दोघी धरतो. मोठ्या मापाच्या सँडल असतील तर ती कॅमेऱ्यापर्यंत सपाट चपलांत येते आणि सँडल जागेवर घालते. आणि “मला विचारू नका” हे वाक्य मी पुन्हा उच्चारलेलं नाही.

त्या शोरूमनं पुढचे दोन महिने मला काही दिलं नाही. त्यानंतर दिलं, ते अनामत रक्कम ठेवून. माझी तक्रार नाही.

नऊ आठवड्यांनी तो गाऊन मला तिथेच रॅकवर दिसला. डावा भाग नवा होता. आतल्या दिव्यांखाली दोन्ही बाजू एकसारख्या दिसत होत्या. मी हँगर उचलून खिडकीपाशी नेला, तेव्हा दिवसाच्या उजेडात नवा भाग किंचित जांभळट निघाला. रंगाईचा लॉट वेगळा असला की असं होतं, एका उजेडात जुळतं आणि दुसऱ्यात फुटतं. “दिसतं का हो?” शोरूमच्या बाई मागून म्हणाल्या. मी हो म्हटलं. “आता तो फक्त स्टुडिओत द्यायचा, उन्हातल्या शूटला नाही,” त्या म्हणाल्या आणि फॉर्म पुढे केला. ‘कापड’ या रकान्यात छापलेलं ‘सॅटिन’ तसंच होतं. शेजारी निळ्या पेनानं लिहिलं होतं: ‘ॲसिटेट’. मी बाकीच्या चार कपड्यांचे फॉर्म बघितले. त्यांच्यावर नुसतं ‘सॅटिन’, ‘क्रेप’, ‘शिफॉन’ होतं. तिथेच उभी राहून एकेकाचं विचारून घेतलं.